उताणा चंद्र

निवृत्तीच्या समारंभात एका वक्त्याने सांगितलं, की बाईंनी नागपूरच्या पोरांच्या दोन पिढ्यांना आकाशाकडे बघायला शिकवलं. टाळ्या झाल्या. मी खाली मान घालून बसले होते आणि लोकांना तो विनय वाटला. विनयबिनय काही नव्हता हो. मला त्या वेळी माझा पहिला वर्ग आठवत होता, आणि तो आठवला की माझी मान आपोआप खाली जाते. त्यातलं काही आजवर कुणाला सांगितलं नाही. आता गुडघे गेले, दात गेले, अब्रूची काळजीही बऱ्यापैकी गेली आहे, तेव्हा लिहून टाकायला हरकत नाही.

डी.एड. झाले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमचं गाव कळमेश्वरच्या पुढे. घरी शेती, बाबांचा आवाज मोठा आणि माझ्या लग्नाची घाई त्याहून मोठी. नागपुरात, धरमपेठेच्या मागच्या एका गल्लीत, बाबांची थोरली बहीण शांताआत्या आटाचक्की चालवायची. यजमान गेल्यावर सगळ्यांनी तिला चक्की विकायचा सल्ला दिला. तिने सल्ला ऐकून घेतला, सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून मशीनचा पट्टा स्वतः चढवला. चक्कीच्या मागे दोन खोल्या आणि वर गच्ची, एवढं तिचं घर. सकाळी सातला चक्की सुरू झाली की फळीवरच्या कपबश्या थरथरत पुढे सरकायच्या आणि दुपारी वीज गेली की आम्ही त्यांना परत मागे ढकलायचो. त्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडूनच, त्यामुळे आत्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. कुणाच्या मयतीला गेली तरी तिथे ती सांत्वन असं करायची की गेलेला माणूस दचकून उठेल. घरात सगळ्यावर पिठाचा थर असायचा. उशीवर, आरशावर, माझ्या पुस्तकांवर, माझ्या भुवयांवर. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरांना वाटलं, बाईंनी फारच पावडर लावली आहे.

चक्कीला रविवारी सुट्टी. त्या दिवशी घर इतकं शांत व्हायचं, की आत्या बेचैन होऊन काहीतरी कुटायला घ्यायची. मग गोळाभात व्हायचा. भिजवून वाटलेल्या डाळीचे गोळे भाताच्या वाफेवर शिजायचे आणि ताटात वाढल्यावर वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. ते तेल भातावर पडल्याचा चर्र आवाज आला, की मला आपण या जगात योग्य जागी आलो आहोत असं वाटायचं. हिवाळ्यात सांबारवडी. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, आणि पुण्याकडच्या माणसाला ते समजावून सांगेपर्यंत वड्या संपलेल्या असतात. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यापासून मी हे पदार्थ फक्त लिहिते.

बाबांशी माझा करार झाला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत नोकरी कायम झाली तर मी नागपुरात राहीन, नाही झाली तर परत येऊन त्यांनी बघून ठेवलेल्या स्थळाला होकार देईन. स्थळ वाईट नव्हतं म्हणे. मी त्याला पाहिलं नव्हतं, त्यानेही मला पाहिलं नव्हतं, पण दोन्हीकडचे वडील एकमेकांना पाहून फार खूश झाले होते. शाळा खाजगी होती, तीन खोल्यांची, वर पत्रे. मी चौथीच्या वर्गावर तात्पुरती. मार्चअखेर तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला पडला तर जूनपासून कायम, असं आमच्या हेडसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हेडसर माणूस सज्जन. फक्त तपासणी जवळ आली की त्यांच्या पोटात गोळा यायचा आणि तो गोळा ते सगळ्या शिक्षकांना वाटून द्यायचे. तपासणीच्या दिवशी शाळेतल्या कच्च्या पोरांना नेमका ताप यायचा. तो आदल्या दिवशी हेडसरच जाहीर करायचे.

चौथीला परिसर अभ्यासात चंद्राच्या कलांचा धडा होता. दीड पान मजकूर आणि एक चित्र, त्यात आठ चंद्र ओळीने उभे. मी नवी बाई, अंगात वारं शिरलेलं. धडा नुसता वाचून घ्यायचा म्हणजे मला पाप वाटत होतं. आधी प्रयोग करायचा म्हणून कंदील सूर्य केला, मी पृथ्वी झाले आणि चंद्र म्हणून एक संत्रं आणलं. नागपुरात प्रयोगासाठी संत्रं आणू नये. पौर्णिमेपर्यंत पोहोचायच्या आत चंद्र सोलला गेला, त्याच्या फोडी झाल्या आणि शेवटच्या बाकापर्यंत वाटणीही झाली. दुसऱ्या दिवशी मी आत्याकडून ज्वारीच्या पिठाचा गोळा मळून नेला. तो कुणी खाल्ला नाही, पण समजलंही कुणाला काही नाही. तेव्हा मी ठरवलं, गोळाबिळा राहू दे, पोरांना खरा चंद्रच बघू दे. अमावस्येनंतर महिनाभर रोज आकाशात शोधायचा आणि जसा दिसेल तसा वहीत काढायचा. नाही दिसला तर ‘नाही दिसला’ असं लिहायचं.

वह्या आम्हीच केल्या. कोऱ्या कागदांचे अडतीस गठ्ठे आत्याने पोत्यांच्या दाभणाने आणि सुतळीने शिवून दिले. शिवताना तिची बडबड चालूच. “चंद्र काय शिकवाचा असते वं? तो काय पळून जाते का कुठं?”

मी म्हटलं, “आत्या, तू चतुर्थीला चंद्र बघूनच जेवतेस ना?”

“कोण पाह्यते? कॅलेंडरात नऊ पंचवीस लिवलं असलं, तं नऊ पंचवीसले निंगतेच तो. मी दार लावून जेवाले बसतो. बाहेर मच्छर केवढे असतात!”

आत्या अशी. तिचा चंद्रावर नाही, छपाईवर विश्वास होता. मी तेव्हा तिला हसले.

पोरं मात्र हसण्यासारखी राहिली नाहीत. पहिल्या दोन दिवसांत चंद्र शोधणं हा मोहल्ल्याचा उद्योग झाला. दिवेलागणीला पोरं गच्च्यांवर, भिंतींवर, एक तर पाण्याच्या टाकीवर. आया मला रस्त्यात थांबवून विचारायच्या, “बाई, आमचा पोरगा वर पाहून चालून राहिला, नालीत पडला काल. हे अभ्यासात आहे का?” मी म्हणायची, आहे. पण खरी पाहणारी एकच, सुजाता. नऊ वर्षांची, बारीक, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. तिचे आजोबा दर पौर्णिमेला पांढरं नेसून विहारात जायचे आणि तिला बरोबर न्यायचे, त्यामुळे पौर्णिमा कधी ते तिला कॅलेंडरावाचून ठाऊक होतं. पण पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे चंद्र काय करतो, हे तिला यातून पहिल्यांदा कळत होतं, आणि त्याने ती अगदी पिसाटली होती. बाकीची पोरं पानाच्या मधोमध चंद्र काढून मोकळी. सुजाता आधी त्यांच्या घरासमोरचा कडुनिंब काढायची, मग विजेचा खांब, मग खांबापासून चार बोटं वर चंद्र. पेन्सिल इतकी दाबून, की मागच्या पानावरही कडुनिंब उमटायचा.

द्वितीयेच्या दुसऱ्या दिवशी सुजाताच वही घेऊन माझ्याकडे आली. “बाई, चंद्र उताणा झोपला आहे.”

वहीत कोर होती, पण आडवी. दोन्ही टोकं वर, पोट खाली, वाटी ठेवल्यासारखी. मी इतर वह्या पाहिल्या. ज्यांनी खरोखर पाहिला होता, त्या सगळ्यांचा आडवा. पुस्तकातला मात्र ताठ उभा, कवायतीला असल्यासारखा. मी त्या संध्याकाळी गच्चीवर गेले. पश्चिमेला, पत्र्यांच्या वर, कोर आडवीच. मान वाकडी करून पाहिली, पुस्तक आडवं धरून पाहिलं. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चंद्राचंच काहीतरी चुकलं आहे. डी.एड. झालेली बाई! त्याचं कारण मला पुढे कित्येक वर्षांनी एका वाचनालयात कळलं. आपल्या भागात, होळीच्या आसपास, संध्याकाळची कोर जवळजवळ आडवीच दिसते. उभी दिसते ती फार उत्तरेच्या थंड देशांत, आणि आमच्या पुस्तकातलं चित्र तिकडच्याच कुठल्या पुस्तकावरून उतरवलेलं असणार. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, “जसा दिसला तसाच काढायचा. पुस्तकात बघायचं नाही.” हे वाक्य मी बोलले, याला अडतीस साक्षीदार आहेत.

महिना फार सुखाचा गेला. होळीच्या पौर्णिमेचे चंद्र पोरांच्या रंगलेल्या बोटांमुळे हिरवे-जांभळे आले, ते मी तसेच ठेवले. होळीनंतर सकाळची शाळा सुरू झाली आणि एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी पश्चिमेला, उन्हात, फिकट चंद्र दिसला. “बाई, हा घरी जायाचं विसरला काय?” असं कुणीतरी ओरडलं आणि प्रार्थना मध्येच मोडली. हेडसर रागावले. मला मात्र इतका आनंद झाला होता, की मी चक्कीच्या आवाजातही गाणं म्हणत होते आणि आत्याला वाटलं पट्टा सटकला.

तपासणीला चार दिवस राहिले तेव्हा हेडसरांनी सगळ्या वह्या मागवल्या. तासाभराने मला बोलावलं. टेबलावर एका हाताला चंद्राच्या वह्या, दुसऱ्या हाताला पुस्तक, उघडलेलं.

“बाई, तुमच्या पोरांचा चंद्र झोपला आहे.”

“सर, तो तसाच दिसतो. मी स्वतः पाहिला.”

“तुम्ही पाहिला असेल. पण साहेबांच्या हातात पुस्तक असते, आकाश नसते.”

“तुम्ही एकदा बघा ना सर, संध्याकाळी...” असं म्हणता म्हणता मीच थांबले. उतरता पंधरवडा चालू होता. संध्याकाळची कोर दिसायची ती पुढच्या अमावस्येनंतर, आणि तपासणी अमावस्येच्या आधी. माझा एकुलता एक साक्षीदार रजेवर होता.

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले, “हे पाहा, पुस्तक सरकारनं छापलं आहे. एका बाजूनं सरकार, दुसऱ्या बाजूनं तुम्ही आणि अडतीस पोट्टे. साहेब विचारतील, चौथीच्या बाईंना चंद्र काढता येत नाही का? मग शेरा काय पडेल? मले तुम्हाला कायम करायचं आहे म्हणून सांगून राहिलो. पोरांकडून दुरुस्त करून घ्या.”

घरी येऊन मी आत्याला सगळं ओरडून सांगितलं. चक्की चालू होती. तिने गव्हाची पाटी रिकामी केली, हात झटकले आणि म्हणाली, “मंग खोडून टाक ना वं! चंद्राले काय फरक पडते? तुयी नोकरी गेली तं तुया बाप येऊन तुले घेऊन जाईन, मंग पाहत बस तिकडं शेतात चंद्र.” यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं. त्या रात्री मी बाबांचा, स्थळाचा, कळमेश्वरच्या बसचा विचार केला. चंद्राचा केला नाही. मला राहायचं होतं. मला वर्ग हवा होता, पगार हवा होता, आत्याची ती थरथरती फळी हवी होती. आज मागे वळून त्या मुलीला रागवावं असं फार वाटतं, पण तिच्या जागी बसून पाहिलं की राग टिकत नाही. लाज तेवढी टिकते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर उभा चंद्र काढला, अगदी सुबक, आणि सांगितलं की पहिल्या पाच दिवसांचे चंद्र खोडून असे काढा. वर्गात खोडरबर सहा-सात. बाकीच्यांनी हवाई चपलेच्या पट्ट्याने खोडलं, थुंकी लावून बोटाने खोडलं. पोरांना मजाच वाटली. खोडायचं काम त्यांना नेहमी आवडतं. बाकांवर काळ्या रबराचा चुरा साचला. महिनाभर टाक्यांवर चढून, नालीत पडून गोळा केलेले चंद्र अर्ध्या तासात साफ झाले. फक्त सुजाता वही मिटून बसली होती.

“काय झालं?”

“काहून खोडाचा बाई? मी पाह्यला होता ना.”

“पुस्तकात तसा नाही.”

तिने जरा विचार केला. उद्धटपणा नव्हता तिच्यात, ती खरंच माझी अडचण सोडवायला बघत होती. “मंग पुस्तकवाल्यानं पाह्यला नसन.”

एवढं शुद्ध शास्त्रीय वाक्य मी पुढच्या जवळजवळ चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणा अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलं नाही. आणि मी काय केलं? मी तिच्यावर ओरडले. चक्कीत राहून आवाज कमावलेला होताच. “उलट बोलायचं नाही! सांगितलं तेवढं कर!” सुजाताने वही उघडली आणि खोडायला लागली. रडली नाही. खोडताना तिने कडुनिंब आणि खांब तेवढे राखले.

साहेब आले ते फार प्रसन्न आले. हेडसरांच्या घरून आलेला पाटवडीचा रस्सा त्यांना झोंबला होता आणि आवडलाही होता. रुमालाने नाक पुसत ते माझ्या वर्गात शिरले, चंद्राच्या वह्या पाहिल्या आणि म्हणाले, “वा! प्रत्यक्ष निरीक्षण! हेच पाहिजे.” एकेक वही उघडत ते पुढे चालले, आणि मी मनातल्या मनात जून महिना मोजत होते. मग सुजाताची वही हातात आली. कडुनिंब पाहून ते कौतुकाने थांबले, आणि पान खिडकीकडे धरून तिरपं केलं. पेन्सिल दाबून काढायची तिची सवय. उभ्या चंद्राच्या खाली आडवा चंद्र कागदात खोल रुतलेला होता, आणि खिडकीच्या उजेडात लख्ख दिसत होता.

“हे काय? इथे आधी काहीतरी वेगळं काढलं होतं,” साहेब म्हणाले. पान उलटलं. पुढच्याही पानावर तसंच. “पाची दिवस? बाळ, उभी राहा. हे कोणी खोडायला सांगितलं?”

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुजाताकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता, ‘मी’, आणि तो माझाच होता. तो माझ्या तोंडून निघाला नाही. सुजाता उभी राहिली. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, म्हणजे मला तरी तो वेळ बराच वाटला.

“कोणीच नाही सर,” ती म्हणाली. “माझं चुकलं होतं. मी नीट पाह्यलंच नव्हतं.”

“मग?”

“मंग बाईंनी शिकवलं.”

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “शाब्बास! आपली चूक कबूल करते, म्हणजे खरी विद्यार्थिनी आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, असेच संस्कार झाले पाहिजेत.” शेरेबुकात त्यांनी साडेतीन ओळी लिहिल्या. त्या वर्षी शाळेत दुसऱ्या कुणालाच एवढ्या मिळाल्या नाहीत. हेडसरांचा चेहरा उजळला, आणि मी जूनपासून कायम झाले ते तिथेच, त्या क्षणी झाले.

शाळा सुटल्यावर पोरं दप्तरं घेऊन पळाली. मी टेबलाशी वह्या आवरत होते. सुजाता मागे राहिली होती. जवळ आली आणि दाराबाहेर कुणी नाही ना हे पाहून घेतलं. तोपर्यंत तिने माझ्याशी कधी कुजबुजून बोललेलं मला आठवत नाही.

“बाई, बराबर सांगतलं ना मी?”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. गणिताचं उत्तर ताडून बघावं तसं ती विचारत होती.

“बरोबर सांगितलंस,” मी म्हणाले, आणि तिची वही उघडून लाल शाईने दहापैकी दहा दिले.